शॉर्ट सर्किट नावाचा आरोपी

धागा : रुग्णालयाची इमारत, आग, हवा आणि अडीचशे वर्षे जुने ज्ञान

१/
९ जानेवारी २०२१. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्षात मध्यरात्र उलटल्यावर आग लागली. कक्षात सतरा बालके होती. सात वाचली, दहा गेली. तीन भाजून आणि सात धुराने गुदमरून गेल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर झाले, चौकशी समिती नेमली गेली, आणि दुसऱ्या दिवसाच्या वृत्तपत्रांत त्या सुपरिचित आरोपीचे नाव आले : शॉर्ट सर्किट.

२/
हा आरोपी कधीही अटक होत नाही. त्याला पत्ता नाही, पद नाही, सही नाही. त्याच्यावर ठपका ठेवला की उरलेले सर्वजण सुटतात : नकाशा मंजूर करणारा, तारा ओढणारा, देखभालीचा निधी अडवणारा, दाराला कुलूप लावणारा. ठिणगी हे आगीचे कारण असू शकते. माणसे मरण्याचे कारण मात्र इमारत असते. या दोन प्रश्नांची गल्लत आपल्याकडे इतकी सवयीची झाली आहे की ती गल्लत आहे हेही कुणाला जाणवत नाही.

३/
आणि हे ज्ञान नवे आहे, पाश्चात्त्य देशांना काल-परवा झालेला साक्षात्कार आहे, म्हणून आपल्याकडे पोहोचायला वेळ लागेल, अशीही सबब पुढे केली जाते. ती खोटी आहे. रुग्णालयाची इमारत माणूस मारू शकते हे मोजून, आकडेवारीनिशी, छापील अहवालात सिद्ध झाले त्या वेळी पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते.

४/
पॅरिस, डिसेंबर १७७२. नोत्र दामच्या शेजारी, सीन नदीच्या दोन्ही काठांवर आणि मधल्या पुलावर पसरलेले ओतेल-द्यू हे शहरातील सर्वांत मोठे धर्मादाय रुग्णालय. परंपरेनुसार त्याची स्थापना सातव्या शतकातली. महिन्याच्या अखेरीस तिथे आग लागली आणि ती अनेक दिवस धुमसत राहिली. ही पहिली आग नव्हती. १७३७ मध्येही तेच रुग्णालय जळाले होते आणि त्याच जागी, त्याच दाटीवाटीत पुन्हा उभे राहिले होते.

५/
या वेळी मात्र प्रश्न निराळा विचारला गेला. आग कुणी लावली याऐवजी, असे रुग्णालय मुळात असावे काय, यावर वाद पेटला. शहराच्या ऐन मध्यावर, नदीच्या कोंदट पात्रावर, एका पलंगावर चार-चार, प्रसंगी सहा-सहा रोगी झोपवणारी ही वास्तू दुरुस्त करायची की मोडायची? ज्याँ-बातिस्त ल रॉय नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने आगीनंतर एक आराखडा मांडला : एकमेकांपासून सुट्या, समांतर इमारती, प्रत्येकीत एकच दालन, छताला हवा वर खेचून घेणारी रचना. त्याच्या मते रुग्णकक्ष हे उपचाराचे यंत्रच होते. यंत्र म्हटले की त्याची मापे आली, चाचणी आली, बिघाड आला आणि बिघाडाची जबाबदारीही आली.

६/
१७८५ मध्ये विज्ञान अकादमीने समिती नेमली. तिच्यातील नावे पाहण्यासारखी आहेत. खगोलशास्त्रज्ञ बायी आणि लाप्लास, विद्युतभाराचे नियम शोधणारा कुलोम, शल्यचिकित्सक तनों, आणि लाव्हाझिए. ‘ऑक्सिजन’ हे नाव ज्याने दिले तोच हा लाव्हाझिए. रुग्णालयाची इमारत कशी असावी हा प्रश्न त्या काळच्या फ्रान्सने आपल्या सर्वोत्तम मेंदूंपुढे ठेवला होता. आपल्याकडे तो अंदाजपत्रकाच्या तक्त्यात ‘बांधकाम’ या रकान्यात बसतो.

७/
समिती पाहणीला निघाली तेव्हा ओतेल-द्यूच्या व्यवस्थापकांनी तिला सहकार्य नाकारले. आत येऊ दिले नाही, माहिती दिली नाही. (चौकशी समितीला कागदपत्रे न मिळणे ही परंपरा किती जुनी आहे, हे यावरून दिसावे.) सुदैवाने तनों यांना ती वास्तू आतून ठाऊक होती आणि त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे ठेवली होती. अहवाल त्या टिपणांवर उभा राहिला.

८/
१७८८ मध्ये तनों यांचे पॅरिसच्या रुग्णालयांवरील पाच निबंध प्रसिद्ध झाले. शल्यकर्माच्या दालनाचे त्यांचे वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो : ज्याचे अवयव कापले जात आहेत तो, ज्याचे उद्या कापायचे आहेत तो आणि ज्याचे काल कापले तो, हे तिघे एकाच खोलीत, एकमेकांना पाहत, एकमेकांना ऐकत. गरोदर स्त्रिया एका पलंगावर तिघी-चौघी. पण या निबंधांचे खरे बळ करुणेत नाही, मोजमापात आहे. ओतेल-द्यूमध्ये साधारण साडेचार रुग्णांमागे एक मृत्यू होता, तर एडिंबरोच्या रुग्णालयात पंचवीस रुग्णांमागे एक.

९/
दोन्ही शहरांतील वैद्यकाचे ज्ञान जवळपास सारखेच होते. जंतूंचा शोध लागायला अजून पाऊण शतक होते, गुंगीची औषधे नव्हती, रक्त काढणे हाच दोन्हीकडचा उपाय होता. फरकाचा मोठा वाटा भिंती, पलंग, हवा आणि गर्दी यांच्याकडे जात होता. तनों यांनी पलंग हे एकक धरले. एका पलंगावर एक माणूस, त्यावरून दोन पलंगांतील अंतर, त्यावरून दालनाची रुंदी, त्यावरून उंची, त्यावरून इमारत. जिन्याच्या पायऱ्यांची उंचीही त्यांनी विचारात घेतली, कारण त्या पायऱ्या चढणारा माणूस आजारी असणार होता.

१०/
१७८७ मध्ये तनों आणि कुलोम इंग्लंडला गेले. तिथली रुग्णालये पाहताना त्यांना सर्वाधिक भावले ते प्लिमथजवळच्या स्टोनहाउस येथील नौदलाचे रुग्णालय. मधोमध मोकळे अंगण, भोवती सुट्या इमारती, त्यांना जोडणारी स्तंभांची पडवी. एका इमारतीत साथ आली किंवा आग लागली तर ती तिथेच अडवता येई. आज ज्याला अग्निविभाग म्हणतात त्याचे मूळ रूप हेच. अंतर हाच अडथळा.

११/
अहवालाचे पुढे काय झाले? ओतेल-द्यू हलवावे, शहराच्या चार कडांना प्रत्येकी बाराशे खाटांची चार रुग्णालये बांधावीत, अशी शिफारस झाली. जुन्या जागेवर हितसंबंध होते, खजिना रिकामा होता आणि १७८९ मध्ये राज्यक्रांती झाली. बायी आणि लाव्हाझिए गिलोटिनखाली गेले. सुट्या इमारतींच्या तत्त्वावरचे लारिबोआझिए रुग्णालय पॅरिसला मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. आणि ओतेल-द्यूची नवी वास्तू उभी राहिली १८७७ च्या सुमारास, त्याच बेटावर. आगीपासून मोजले तर १०५ वर्षे. अहवाल लिहिणे आणि अहवाल अमलात आणणे या दोन वेगवेगळ्या संस्कृती आहेत, हे फ्रान्सनेही पुरेपूर दाखवून दिले.

१२/
दुसरा पुरावा अधिक प्रसिद्ध आहे, पण तो चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो. क्रिमियन युद्ध, स्कुटारीची लष्करी बराक, हातात दिवा घेतलेली फ्लॉरेन्स नाइटिंगेल. शालेय पुस्तकांतील हे चित्र सेवाभावाचे आहे. नाइटिंगेल नोव्हेंबर १८५४ मध्ये तिथे पोहोचल्या. सेवा सुरू झाली, शिस्त आली, तरीही फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्युदर ४२ टक्क्यांवर गेला. दिवा होता, सेवा होती, माणसे मरतच होती.

१३/
मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. जॉन सदरलँड आणि हेक्टर गॅव्हिन हे वैद्य, आणि रॉबर्ट रॉलिन्सन हा स्थापत्य अभियंता. त्यांनी काय केले? इमारतीखाली तुंबलेली गटारे धुऊन काढली, पाण्याची व्यवस्था पाहिली, हवेला वाट करून दिली, गर्दी कमी केली, भिंतींना चुना लावला. जूनपर्यंत मृत्युदर दोन टक्क्यांच्या आसपास आला. ऋतुबदलाचा आणि नव्या रुग्णांची आवक घटल्याचाही त्यात वाटा होता, हे प्रामाणिकपणे नोंदवावे. पण नाइटिंगेल यांनी स्वतः पुढे आकडे तपासले आणि निष्कर्ष काढला तो इमारतीच्या बाजूने. उर्वरित आयुष्य त्यांनी दिव्यापेक्षा नकाशांवर अधिक खर्च केले. रुग्णालयाने रुग्णाला निदान अपाय तरी करू नये, ही त्यांची पहिली अट होती, आणि ती अट त्यांनी वैद्यांइतकीच वास्तूलाही लावली.

१४/
त्याच युद्धात ब्रुनेल या रेल्वे-पुलांच्या अभियंत्याने इंग्लंडमध्ये सुट्या भागांत लाकडी रुग्णालय तयार करून जहाजांनी डार्डनेल्सच्या काठी रेनकिओई येथे पाठवले. प्रत्येक कक्षात पन्नास खाटा, हवा ढकलणारे पंखे, स्वतंत्र निचरा. तिथे सुमारे १,३०० रुग्ण आले आणि ५० दगावले. हे रुग्ण आघाडीपासून दूरचे, तुलनेने बरे होते, म्हणून स्कुटारीशी थेट तुलना करू नये. तरी एक प्रश्न उरतोच. रुग्णालय बांधताना अभियंत्याला अगदी पहिल्या दिवशी बोलवावे, हे १८५५ मध्ये युद्धाच्या धामधुमीत जमले. शांततेच्या काळात का जमू नये?

१५/
येथे एक आक्षेप अपेक्षित आहे. नाइटिंगेल यांची उपपत्ती चुकीची होती. त्या दूषित हवेच्या सिद्धांतावर विश्वास ठेवत होत्या, जंतूंवर नव्हे. खरे आहे. पण उंच छत, समोरासमोरच्या खिडक्या आणि खाटांमधील अंतर यांचा लाभ त्या सिद्धांतावर अवलंबून नव्हता. २००७ मध्ये पेरूची राजधानी लिमा येथील रुग्णालयांत संशोधकांनी हवा मोजली. १९५० पूर्वीच्या उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या कक्षांत खिडक्या उघडल्यावर तासाला चाळीस वेळा हवा बदलत होती. यंत्रांनी हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांत बारा वेळा. क्षयरोगाच्या देशात या फरकाचा अर्थ समजायला वैद्य असण्याची गरज नाही.

१६/
महाराष्ट्रालाही हा वारसा मिळाला होता. मुंबईचे जे. जे. १८४५ चे, पुण्याचे ससून १८६७ चे, परळचे के. ई. एम. १९२६ चे. ससूनची जुनी वास्तू वसाहतकालीन आहे, गॉथिक दिमाखाची आहे, तिचा गौरव करताना वसाहतवादाचा गौरव होऊ नये, हे मान्य. पण देणग्या इथल्या होत्या, पाथरवट आणि सुतार इथले होते. के. ई. एम.शी जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या देणगीला तर अटच होती की तिथे शिकवणारे भारतीय असावेत. जॉर्ज विटेट यांनी परळला जी वास्तू रचली, तिच्या लांब व्हरांड्यांत आजही रुग्णांचे नातेवाईक चटया टाकून झोपतात. त्या व्हरांड्यांना आपण ‘जुनाट’ म्हणतो. आगीच्या वेळी तेच बाहेर पडण्याचे मार्ग असतात.

१७/
मग बदलले काय? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वातानुकूलन आले, लिफ्ट आली, जमीन महागली. सुट्या इमारतींना भरमसाट जागा लागे, परिचारिकांना दिवसभर मैलोन्मैल चालावे लागे, शस्त्रक्रियागृहाला निर्जंतुक हवा हवी होती. त्यामुळे रुग्णालय एकावर एक मजले चढवत गेले. हे चूक होते असे इथे म्हणायचे नाही. जुन्या व्हरांड्यांत नवजात शिशूंचे कृत्रिम श्वसनयंत्र चालवता येत नाही. मुद्दा निराळाच आहे. खिडकी बंद केली की खिडकीचे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागते. धूर बाहेर ओढणारी यंत्रणा, वाहिनीत आपोआप मिटणारी झडप, आग अडवणारे दार, पर्यायी वीज. आपण खिडकी बंद केली आणि तिचे काम कुणालाच दिले नाही.

१८/
१५ मे १९२९, अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक. तळघरात नायट्रोसेल्युलोजच्या एक्स-रे फिल्मी साठवलेल्या होत्या, उष्णतेने त्या पेटल्या. विषारी वायू वाहिन्यांतून आणि जिन्यांतून वरच्या मजल्यांवर गेला. १२३ माणसे गेली, त्यांत संस्थेच्या संस्थापकांपैकी एक डॉक्टरही होते. ज्वाळा बहुतेकांपर्यंत पोहोचल्याही नाहीत.

१९/
९ डिसेंबर २०११, कोलकाता, ढाकुरिया. खासगी रुग्णालयाच्या तळघरात आग लागली. तिथे ज्वलनशील सामान साठवलेले होते. धूर वर चढला. दर्शनी भागाला बंद काचा. अग्निशमन दलाला त्या फोडाव्या लागल्या. नव्वदच्या आसपास माणसे गेली, बहुतेक झोपेत, बहुतेक गुदमरून. रुग्णांना बाहेर काढता काढता केरळच्या दोन तरुण परिचारिका त्याच धुरात गेल्या. क्लीव्हलँड आणि कोलकाता यांच्यामध्ये ८२ वर्षे आहेत. तळघर तेच, साठवण तीच, धुराचा मार्गही तोच. एवढ्या जुन्या चुकीला ‘दुर्दैव’ म्हणणे हा भाषेवरचा अन्याय आहे.

२०/
आता ऑक्सिजनकडे. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. बंद खोलीत वीस रुग्णांना मुखवट्यांतून अखंड ऑक्सिजन मिळत असेल, मुखवट्यांच्या कडांतून तो सुटत असेल आणि हवा बदलत नसेल, तर खोलीतील प्रमाण वाढत जाते. ते २३-२४ टक्क्यांच्या पुढे गेले की पदार्थांचा स्वभाव बदलतो. एरवी धुमसून विझणारी चादर भडकते, केस पेटतात, प्लास्टिकची नळी वातीसारखी जळते. अशा खोलीत अहोरात्र चालणारे वातानुकूलन यंत्र, एका एक्स्टेंशन बोर्डावर लटकलेली तीन-चार उपकरणे, आणि वर ज्वलनशील फॉल्स सीलिंग. तिथे ठिणगी पडली तर त्या ठिणगीला दोषी ठरवायचे काय?

२१/
आणि अतिदक्षता विभागातला माणूस पळू शकत नाही. हे वाक्य बालिश वाटेल, पण आपले बहुतेक अग्निनियोजन ते विसरूनच केलेले असते. चित्रपटगृहाला लागू पडणारा ‘जिन्याने खाली उतरा’ हा फलक जिल्हा रुग्णालयाच्या चौथ्या मजल्यावर लावलेला असतो. नळ्यांनी जखडलेला, यंत्रावर श्वास घेणारा रुग्ण जिना उतरणार कसा? म्हणून जगभर रुग्णालयांसाठी वेगळी रीत रुजली : रुग्णाला खाली नेऊ नका, बाजूला न्या. मजल्याचे दोन किंवा अधिक भाग करा, मध्ये आग आणि धूर अडवणारी भिंत आणि आपोआप मिटणारे दार ठेवा. खाट ढकलत त्या दाराच्या पलीकडे नेली की पुढच्या निर्णयासाठी वेळ मिळतो. अट एकच, दार खाटेपेक्षा रुंद हवे, त्याच्यासमोर कपाट नको आणि त्याला कुलूप नको.

२२/
दाराचे मोल १९६१ मध्ये कळले. ८ डिसेंबर, अमेरिकेतील हार्टफर्ड रुग्णालय. कचऱ्याच्या नळीतून आग नवव्या मजल्यावर फुटली, ज्वलनशील छतावरून क्षणार्धात पसरली. १६ माणसे गेली. पण ज्या खोल्यांची दारे बंद राहिली तिथले लोक वाचले. साधी, मिटलेली दारे. त्याआधी १९४९ मध्ये इलिनॉयच्या एफिंगहॅम येथील सेंट अँथनी रुग्णालयात सत्तरहून अधिक माणसे जळून गेली होती आणि त्यानंतर तिकडचे नियम बदलू लागले होते. प्रत्येक नियमाखाली थडगी आहेत. ते नियम आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेतही आले आहेत. आपण दुसऱ्यांची थडगी मोजून नियम घेतले आणि ते पाळण्यासाठी स्वतःच्या थडग्यांची वाट पाहिली.

२३/
२०२१ या एका वर्षाची महाराष्ट्राची यादी पाहावी. जानेवारीत भंडारा. मार्चमध्ये भांडुप : एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर रुग्णालय होते, तिथे किमान नऊ रुग्ण गेले. मॉलमध्ये रुग्णालय! तनों यांनी पायऱ्यांची उंची रुग्णाच्या पायांवरून ठरवली होती. आपण रुग्णालयाची जागा रिकाम्या गाळ्यावरून ठरवली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीची गळती झाली, पुरवठ्याचा दाब पडला आणि किमान २२ रुग्ण दगावले. तिथे आगही नव्हती. दोनच दिवसांनी विरारमध्ये अतिदक्षता विभागाला आग, डझनाहून अधिक मृत्यू.

२४/
भंडाऱ्यानंतर राज्यातील सर्व रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले होते. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला आणि ११ रुग्ण गेले. हा विभाग काही शंभर वर्षे जुना नव्हता. तो महासाथीच्याच काळात नव्याने उभारला गेला होता. ‘जुन्या इमारती, जीर्ण वायरिंग’ हे स्पष्टीकरण इथेच कोसळते. नवे बांधकामही जुन्याच अज्ञानाने होत असेल, तर नवेपणाचा उपयोग उद्घाटनाच्या कोनशिलेपुरता.

२५/
‘हा तर महासाथीचा ताण होता’ असे म्हणणाऱ्यांसाठी : १५ नोव्हेंबर २०२४, झाशी, वैद्यकीय महाविद्यालयाचा नवजात शिशू कक्ष, आग, पहिल्या रात्रीच दहा बालके. महासाथ केव्हाच सरली होती. आकडाही भंडाऱ्याचाच.

२६/
मग कायदा नाही काय? आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यानुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक यंत्रणेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचे असते. नमुना ‘ब’. वाचकांनी आपल्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात जाऊन गेल्या जुलैचा नमुना ‘ब’ पाहायला मागावा. उत्तर काय मिळते ते पाहणे उद्बोधक ठरेल.

२७/
खरी मेख ‘मालक’ या शब्दात आहे. शासकीय रुग्णालयाचा मालक कोण? बांधकाम सार्वजनिक बांधकाम विभागाचे. विजेचे काम त्याच विभागाच्या वेगळ्या शाखेचे. यंत्रसामग्रीची खरेदी तिसरीकडून. ऑक्सिजनची टाकी ठेकेदाराची. स्वच्छता आणि सुरक्षा बाह्य यंत्रणांची. जिल्हा शल्यचिकित्सक हा या सर्वांचा नामधारी यजमान. त्याच्या हाती पत्रव्यवहार असतो, पान्हा नसतो. एखाद्या कक्षात नवी वीस उपकरणे आली म्हणजे त्या कक्षाची तार तो भार पेलेल काय, हे तपासण्याचे काम यांपैकी नेमके कुणाचे? आग लागली की प्रत्येकाचे बोट शेजाऱ्याकडे जाते, आणि सर्व बोटांच्या मध्यावर निवांत बसलेला असतो तो शॉर्ट सर्किट. भंडाऱ्यानंतर निलंबन, बडतर्फी झाली. त्यांत डॉक्टर होते, परिचारिकाही होत्या. इमारतीचे आयुष्य ज्यांच्या सहीने ठरते त्यांच्यापर्यंत ठपका क्वचितच चढतो. ठपका जिन्याने खाली उतरतो; धूर मात्र वर जातो.

२८/
‘गरीब देशाला हे परवडत नाही’ हा अखेरचा आणि सर्वांत प्रतिष्ठित युक्तिवाद. त्याला उत्तर द्यायला पॅरिस किंवा हार्टफर्डला जाण्याची गरज नाही. गोव्याला जावे.

२९/
सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार्द द लाव्हाल नावाचा फ्रेंच प्रवासी जहाज फुटून, मालदीवमध्ये अडकून, अखेर आजारी अवस्थेत गोव्याच्या राजरुग्णालयात दाखल झाला. पोर्तुगीज राजाच्या खजिन्यातून चालणारे हे रुग्णालय प्रामुख्याने त्यांच्या सैनिकांसाठी होते. ते धर्मादाय नव्हते, साम्राज्याची गरज होती, हे विसरू नये. पण पिरार्दने जे पाहिले ते थक्क होऊन लिहिले : स्वच्छ अंथरुणे, बदललेली चादर, नेमलेले वैद्य, वेळेवर आहार. जगात असे रुग्णालय दुसरे नसावे, असे त्याचे मत पडले.

३०/
साधारण चाळीस वर्षांनी ताव्हर्निए हा दुसरा फ्रेंच प्रवासी गोव्यात आला. त्याची नोंद अशी : हे रुग्णालय पूर्वी नावाजलेले होते, उत्पन्न चांगले होते तोवर रुग्णांची नीट काळजी घेतली जाई, व्यवस्था बदलली, आणि आता आत जाणारे बरेच जण थडग्याकडेच बाहेर पडतात. शहर तेच, संस्था तीच, राजाही त्याच मुकुटाचा. बदलला होता तो चालवण्याचा खर्च आणि चालवणारे हात.

३१/
आपल्या अंदाजपत्रकात नव्या रुग्णालयाला भूमिपूजन मिळते, फीत मिळते, छायाचित्र मिळते. देखभाल ही बाब मात्र ‘आकस्मिक खर्च’, ‘किरकोळ दुरुस्ती’ असल्या शीर्षकांखाली लपलेली असते आणि मार्चअखेर तीच प्रथम कापली जाते. तार बदलणे, आग अडवणाऱ्या दाराचे बिजागर दुरुस्त करणे, ऑक्सिजनच्या झडपेची तपासणी, रात्रपाळीच्या परिचारिकांना वर्षातून दोनदा खाटा ढकलण्याचा सराव देणे : यांत कोट्यवधींचे काही नाही. यांत कोनशिलाही नाही. गरिबीचे कारण तेव्हाच पटले असते, जेव्हा त्याच आवारात नव्या प्रवेशद्वाराची कमान उभी राहत नसती.

३२/
भुजचा दाखला मुद्दाम शेवटी. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात तिथले जिल्हा रुग्णालय कोसळले. जखमींना ज्या क्षणी त्याची सर्वाधिक गरज होती त्याच क्षणी ते नाहीसे झाले. नवे रुग्णालय २००४ मध्ये उभे राहिले ते पायाखाली शिसे आणि रबराचे आधार बसवून. जमीन हलली तरी वरची इमारत कमी हलावी, यासाठी न्यूझीलंडमध्ये विकसित झालेले हे तंत्र. भारतातले हे अशा तऱ्हेचे पहिले रुग्णालय. म्हणजे इच्छा झाली तर याच देशात, शासकीय रुग्णालयासाठी, जगातले उत्तम तंत्र तीन वर्षांत आणता येते. त्या आधारांचीही अधूनमधून तपासणी करावी लागते, रबर जुने होते. त्या तपासणीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडतो आणि तो दरवर्षी मंजूर होतो काय, हा प्रश्न कच्छच्या विधानसभा सदस्यांनी विचारण्याजोगा आहे. आणि तोच प्रश्न, आधारांच्या जागी तारा, दारे आणि झडपा घालून, महाराष्ट्राच्या छत्तीस जिल्ह्यांच्या पालकमंत्र्यांना.